‘इब्री लोकांस पत्र’ कोणी लिहिले?

बायबलच्या दुसऱ्या भागात, म्हणजे नव्या करारात, २७ ग्रंथ आहेत आणि त्यांपैकी २१ पत्रे म्हणून ओळखली जातात. त्यांतील बहुतेक पत्रांच्या आरंभीच लिहिणाऱ्याचे नाव येते, कारण त्या काळी ग्रीक भाषेत पत्र लिहिण्याची रीतच तशी होती: आधी लिहिणाऱ्याचे नाव, मग ज्याला लिहायचे त्याचे, आणि त्यानंतर अभिवादन. ‘इब्री लोकांस पत्र’ या तेरा अध्यायांच्या ग्रंथात मात्र यांपैकी काहीच नाही. देव पूर्वी आपल्या पूर्वजांशी संदेष्ट्यांच्या द्वारे अनेक वेळा व अनेक प्रकारे बोलला, आणि या अखेरच्या दिवसांत तो पुत्राच्या द्वारे आपल्याशी बोलला आहे, अशा भारदस्त वाक्याने तो थेट विषयाला हात घालतो. ग्रंथ संपेपर्यंत लिहिणारा आपले नाव एकदाही उच्चारत नाही.

तरीही सुमारे बाराशे वर्षे ख्रिस्ती जगाच्या फार मोठ्या भागात हे पत्र पौलाचे, म्हणजे येशूचा संदेश यहुदी नसलेल्या लोकांत पसरवणाऱ्या प्रेषिताचे, मानले गेले. १६११ मध्ये छापलेल्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तर त्याच्या शीर्षकातच पौलाचे नाव आहे. आज मराठीत प्रचलित असलेल्या पवित्र शास्त्रात शीर्षक केवळ ‘इब्री लोकांस पत्र’ असे असते, आणि कॅथलिक असोत वा प्रोटेस्टंट, बहुतेक सर्व अभ्यासक ते पौलाचे नाही असे मानतात. हा बदल श्रद्धा कमी झाल्यामुळे झाला, असा समज काहींच्या मनात असतो. तो बरोबर नाही. शंका फार जुनी आहे, ती प्रथम चर्चमधल्याच विद्वानांनी व्यक्त केली, आणि ती मजकूर अत्यंत आस्थेने वाचल्यामुळे निर्माण झाली.

येथे एक भेद आधीच स्पष्ट केला पाहिजे. एखाद्याने दुसऱ्याचे नाव घालून लिहिणे आणि नावच न घालता लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या करारातील तीमथ्य व तीत यांना लिहिलेल्या पत्रांवर पौलाचे नाव आहे, पण ती त्याच्या शिष्यपरंपरेतील कोणी नंतर लिहिली असावीत असे अनेक अभ्यासकांना वाटते. तेथे प्रश्न नाव खरे की नंतरचे, असा आहे. इब्री पत्राच्या बाबतीत तसा प्रश्न उद्भवतच नाही. त्याच्या लेखकाने पौल असल्याचा दावा कधी केलेला नाही. नाव इतरांनी जोडले, म्हणून ते खोटे ठरले तरी लेखकाच्या प्रामाणिकपणाला त्यामुळे बाध येत नाही.

लेखकाचा शोध घ्यायचा तर आधी ग्रंथ काय म्हणतो ते थोडक्यात पाहावे लागेल. येशू हाच खरा प्रमुख याजक, म्हणजे लोकांच्या वतीने देवाला अर्पण करणारा पुरोहित, आहे, हे त्याचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. यहुदी नियमशास्त्राप्रमाणे याजक होण्यासाठी लेवीच्या वंशात जन्म व्हावा लागे, आणि येशू तर यहूदाच्या वंशातला. ही अडचण लेखक मलकीसदेक या गूढ व्यक्तीच्या आधारे सोडवतो. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात हा शालेमचा राजा आणि परात्पर देवाचा याजक अचानक अवतरतो, अब्राहामाला आशीर्वाद देतो आणि कथेतून निघून जातो. त्याचे आईवडील, वंश, जन्म, मृत्यू यांचा उल्लेख नाही. पुढे ११० व्या स्तोत्रात ‘मलकीसदेकाच्या संप्रदायाप्रमाणे तू युगानुयुग याजक आहेस’ असे वचन येते. ही दोन वचने एकत्र गुंफून लेखक सांगतो की येशूचे याजकपण वंशावर नव्हे, तर अविनाशी जीवनावर उभे आहे. म्हणून त्याने स्वतःचे केलेले अर्पण एकदाच आणि कायमचे आहे, आणि निवासमंडपातील, म्हणजे मोशेच्या काळातील तंबूच्या उपासनास्थानातील, वारंवार होणारे यज्ञ त्या अर्पणाची केवळ छाया होते. नव्या करारात येशूला याजक म्हणून इतक्या विस्ताराने दुसऱ्या कोणीही पाहिलेले नाही. पौलाच्या तेरा पत्रांत तर मलकीसदेकाचे नावही येत नाही.

पौलाच्या विरुद्ध जाणारा सर्वांत बळकट पुरावा मात्र दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात आहे. तारणाची ही वार्ता प्रथम प्रभूने सांगितली, आणि ज्यांनी ती ऐकली त्यांनी ती आम्हांला खात्रीपूर्वक कळवली, असे लेखक तेथे म्हणतो. म्हणजे तो स्वतःला प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांत धरत नाही. त्याला वार्ता दुसऱ्यांकडून मिळाली. आता हे वचन गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायाशेजारी ठेवून वाचावे. तेथे पौल अगदी आवेशाने सांगतो की आपल्याला शुभवर्तमान कोणा माणसाकडून मिळाले नाही, कोणी शिकवले नाही, ते येशू ख्रिस्ताच्या प्रकटीकरणाने मिळाले. पौलाच्या प्रेषितपणाचा सारा आधारच या दाव्यावर होता आणि त्यासाठी तो आयुष्यभर झगडला. त्याच माणसाने दुसरीकडे सहजपणे स्वतःला शिष्यांच्या पिढीत बसवावे, हे मला कोणत्याही प्रकारे जुळवता येत नाही. सोळाव्या शतकात ल्यूथर आणि कॅल्विन या दोघा प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनीही याच वचनावर बोट ठेवले होते.

दुसरा पुरावा सहीचा. पौल आपली पत्रे लेखनिकाला सांगत असे, पण शेवटी स्वतःच्या हाताने काही शब्द लिहीत असे. गलतीकरांना तो म्हणतो, पाहा, मी केवढ्या मोठ्या अक्षरांनी तुम्हांला लिहीत आहे. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ यावे तशी ही त्याची नाममुद्रा होती, आणि आपल्या नावावर दुसऱ्यांची पत्रे फिरू नयेत याची त्याला काळजी होती, हे थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रावरून दिसते. इब्री पत्राच्या आरंभी नाव नाही आणि शेवटी ही खूणही नाही.

भाषेचे अंतर तर मूळ ग्रीक वाचणाऱ्याला पहिल्या वाक्यातच जाणवते. त्या एका वचनात ‘प’ वर्णाने सुरू होणारे पाच शब्द ठरवून योजलेले आहेत, आणि पहिली चार वचने मिळून एकच डौलदार, तोललेले वाक्य होते. पौलाचे ग्रीक जिवंत आणि धगधगीत आहे. तो वाक्य अर्धवट सोडतो, मध्येच दुसऱ्या विचाराकडे वळतो, स्वतःशीच वाद घालतो. इब्री पत्राचा लेखक वक्तृत्वशास्त्र शिकलेला आहे आणि त्याच्या वाक्यांत असा तुटकपणा आढळत नाही. नव्या करारात इतरत्र न येणारे सुमारे दीडशे शब्द या एका ग्रंथात आहेत. शिवाय पौलाच्या विचाराचा कणा असलेले येशूचे पुनरुत्थान येथे स्पष्ट शब्दांत एकदाच, तेही अखेरच्या आशीर्वचनात येते. लेखकाचे सारे लक्ष येशूच्या स्वर्गातील परमपवित्रस्थानात झालेल्या प्रवेशावर आहे.

प्राचीन वाचकांना हे सर्व दिसत नव्हते काय? दिसत होते, आणि त्यांनी त्यासाठी योजलेली उत्तरे फार बोलकी आहेत. या पत्राचा वापर झाल्याचा सर्वांत जुना पुरावा रोममध्ये मिळतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस, साधारणतः इ. स. ९६ च्या सुमारास, रोमच्या ख्रिस्ती मंडळीने करिंथच्या मंडळीला पाठवलेल्या आणि क्लेमेंटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्रात इब्री पत्रातील ओळी जवळजवळ जशाच्या तशा येतात; पण त्या कोणाच्या, हे सांगितलेले नाही. लेखकाविषयीची चर्चा प्रथम ऐकू येते ती दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तमधील अलेक्झांड्रियात, आणि ती आपल्यापर्यंत पोचली आहे चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवलेल्या उताऱ्यांमुळे.

अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा रोमच्या क्लेमेंटहून वेगळा. तो एका आदरणीय वडिलांचे मत सांगतो, आणि ते वडील बहुधा त्याचे गुरू पंतैनुस असावेत. हे पंतैनुस ‘इंडिया’ला गेले होते असे युसेबियस लिहितो, ती इंडिया म्हणजे आपला देश की अरबस्तानचा किनारा, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही, पण भारतातील ख्रिस्ती परंपरेच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते त्यामुळे. त्यांचे म्हणणे असे की इब्री लोकांकडे पाठवलेला प्रेषित स्वतः प्रभू होता, आणि पौल तर परराष्ट्रीयांचा, म्हणजे यहुदी नसलेल्यांचा, प्रेषित. म्हणून त्याने नम्रतेने आपले नाव घातले नाही. क्लेमेंट याला आणखी एक कारण जोडतो: यहुदी वाचकांच्या मनात पौलाविषयी पूर्वग्रह होता, नाव दिसताच त्यांनी पत्र बाजूला ठेवले असते. आणि शैली वेगळी का? तर पौलाने मूळ पत्र इब्री भाषेत लिहिले आणि त्याचा सहकारी लूक याने त्याचे ग्रीक भाषांतर केले, म्हणून ते ‘प्रेषितांची कृत्ये’ या लूकच्या ग्रंथासारखे वाटते.

भाषांतराची ही कल्पना टिकत नाही. दहाव्या अध्यायात लेखक ४० व्या स्तोत्रातील ‘तू माझ्यासाठी शरीर सिद्ध केलेस’ हे वचन घेऊन त्यावर आपला युक्तिवाद उभारतो. पण ‘शरीर’ हा शब्द केवळ जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात आहे, इब्री पाठात तेथे ‘कान’ आहेत. नवव्या अध्यायात तो करारावरून मृत्युपत्राकडे जातो, कारण ग्रीकमध्ये दोहोंना एकच शब्द आहे; इब्रीत हे शक्य नाही. पत्र ग्रीकमध्येच विचार करणाऱ्या माणसाने ग्रीकमध्येच लिहिले आहे. पण क्लेमेंटने अशी कल्पना लढवली यातच एक गोष्ट सिद्ध होते: पौलाची शैली आणि या पत्राची शैली एक नाही, हे पौलाच्या बाजूच्या लोकांनाही मान्य होते.

या साऱ्या चर्चेत सर्वांत प्रगल्भ मत ओरिजेनचे आहे. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील हा थोर भाष्यकार इतर ठिकाणी या पत्रातील वचने पौलाची म्हणून सर्रास उद्धृत करतो. परंतु प्रत्यक्ष या पत्रावर प्रवचने करताना त्याने बारकाईने लिहिले की याची भाषा प्रेषिताच्या भाषेसारखी साधी नाही, ती अधिक शुद्ध ग्रीक आहे. विचार मात्र अद्भुत आहेत आणि प्रेषिताच्या मान्य लेखनाहून कमी दर्जाचे नाहीत. तेव्हा विचार प्रेषिताचे असावेत आणि शब्दरचना, प्रेषिताची शिकवण आठवून ती लिहून काढणाऱ्या कोणा शिष्याची असावी. एखादी मंडळी हे पत्र पौलाचे मानत असेल तर तिची प्रशंसाच करावी, असेही तो म्हणतो, आणि मग ते प्रसिद्ध वाक्य येते की पत्र कोणी लिहिले हे खरे पाहता देवालाच ठाऊक. हे एकच वाक्य सर्वत्र उद्धृत होते आणि त्याआधीची सारी मीमांसा गळून पडते, याचे मला वाईट वाटते. ओरिजेनने हात झटकलेले नाहीत. आशय आणि शब्द, प्रेरणा आणि लेखणी यांना वेगळे करून त्याने प्रश्न आपल्या आजच्या पद्धतीने मांडला. रोमचा क्लेमेंट आणि लूक ही नावे आपल्या काळी सांगितली जातात, एवढी माहिती देऊन तो थांबला.

पश्चिमेकडे, म्हणजे रोम आणि लॅटिन भाषेच्या प्रदेशात, चित्र उलटे होते. ज्या रोममध्ये हे पत्र सर्वांत आधी वाचले गेले, तेथेच ते पौलाचे मानले जात नव्हते. तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोममधील गायस पौलाची तेराच पत्रे मोजत असे. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा लेखक तर्तुल्यन हे पत्र पौलाचा सहकारी बर्णबा याचे आहे असे सांगतो, आणि तेही तर्क म्हणून नव्हे, तर ठाऊक असलेली गोष्ट म्हणून. त्याला ते प्रिय होते, कारण सहाव्या अध्यायात म्हटले आहे की एकदा प्रकाश मिळून नंतर पतन पावलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे. इ. स. २५० च्या सुमारास सम्राट डेसियसच्या छळात अनेकांनी प्राणभयाने श्रद्धा नाकारली. त्यांना परत घ्यावे की नाही, यावर चर्च दुभंगले, आणि कठोर पक्षाला या वचनाचा मोठा आधार वाटू लागला. ज्यांना पतितांना परत घ्यायचे होते त्यांना हे पत्र अडचणीचे होते. लेखकाविषयीचा संशय आणि शिकवणीविषयीचा संकोच एकमेकांत असे मिसळलेले होते.

हस्तलिखितांतही या गोंधळाच्या खुणा उमटल्या आहेत. इ. स. २०० च्या सुमाराचा एक पपायरस ग्रंथ आज काही डब्लिनमध्ये आणि काही अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आहे. त्यात पौलाच्या पत्रसंग्रहात इब्री पत्र रोमकरांस पत्राच्या लगेच नंतर येते. चौथ्या शतकातील व्हॅटिकन हस्तलिखितात ते थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रानंतर आहे. आपल्या आजच्या प्रतींत पौलाची पत्रे ढोबळ मानाने आधी मंडळ्यांना लिहिलेली व मग व्यक्तींना लिहिलेली, आणि त्यातही मोठ्याकडून लहानाकडे, अशी लावलेली आहेत. एवढे मोठे इब्री पत्र मात्र फिलेमोनाला लिहिलेल्या चिमुकल्या पत्रानंतर येते, पौलाच्या पत्रांच्या शेवटी आणि इतरांच्या पत्रांच्या आरंभी. ही जागाच त्याच्याविषयीची जुनी अनिश्चिती सांगते.

चौथ्या शतकात ग्रंथांची यादी ठरवण्याची वेळ आली, तेव्हा पूर्वेचे मत प्रभावी ठरले. इ. स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने पौलाची चौदा पत्रे नोंदवली. ३९७ च्या कार्थेजच्या सभेची नोंद मोठी चमत्कारिक आहे: पौलाची तेरा पत्रे, आणि त्याचेच इब्री लोकांस एक. चौदा म्हणायला जीभ अजून रेटत नव्हती, हे त्या वाक्यातून कळते. बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने तर एका पत्रात मोकळेपणाने लिहिले की ते कोणाचे याने फरक पडत नाही. ते चर्चच्या माणसाचे आहे आणि मंडळ्यांत रोज वाचले जाते. माझ्या मते हा ग्रंथ पौलाचा मानला गेल्यामुळे वाचला जाऊ लागला, असे नाही. तो वाचला जात होता आणि त्याला गमवायचे नव्हते, म्हणून त्याला पौलाच्या छत्राखाली आणले गेले.

पुढची हजार वर्षे झटकन ओलांडता येतात. सोळाव्या शतकात ग्रीकचा विद्वान इरॅस्मस आणि कार्डिनल कायेतान यांनी जुनी शंका पुन्हा मांडली. ल्यूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात हे पत्र याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण यांच्यासह शेवटी नेऊन ठेवले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५४६ मध्ये पौलाची चौदा पत्रे असे जाहीर केले. तीनच वर्षांनी कॅल्विनने पत्राचा अधिकार पूर्णपणे मानून लेखक पौल नव्हे, असे भाष्य लिहिले. १९१४ मध्ये कॅथलिक चर्चच्या बायबल आयोगाने पत्र पौलाचेच म्हणावे, पण त्याला आजचे रूप त्यानेच दिले असे मानणे आवश्यक नाही, असा निर्णय दिला. ओरिजेनची वाट तेथे पुन्हा दिसते. आज कॅथलिक उपासनेतही हे वाचन पौलाचे नाव न घेता जाहीर केले जाते.

मग कोण? सर्वांत जास्त पाठिंबा मिळतो तो अपुल्लोला, आणि हे नाव ल्यूथरने पुढे आणले. ‘प्रेषितांची कृत्ये’ त्याचे वर्णन अलेक्झांड्रियात जन्मलेला यहुदी, वक्ता आणि शास्त्रपारंगत असे करते. तो पौलाच्या वर्तुळातला होता, आणि या पत्रातील ‘छाया आणि मूळ वस्तू’ हा विचार अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फायलो याच्या लेखनाची आठवण करून देतो. वर्णन इतके नेमके बसते की मोह होतो. पण प्राचीन काळात एकानेही अपुल्लोचे नाव घेतलेले नाही, आणि अलेक्झांड्रियाच्याच क्लेमेंट व ओरिजेन यांना आपल्या शहराच्या या सुपुत्राविषयी काहीच ठाऊक नसावे, हे पटणे कठीण आहे. शिवाय मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील अकराव्या गुहेत १९५६ मध्ये मिळालेल्या लेखांत मलकीसदेकावरील एक लेख आहे; म्हणजे त्याच्याविषयीचे चिंतन अलेक्झांड्रियाबाहेर, पॅलेस्टाइनमध्येही चालू होते.

बर्णबाची बाजू वाटते तितकी दुबळी नाही. तो सायप्रसचा लेवी होता, म्हणून यज्ञविधींची आस्था त्याच्या ठायी स्वाभाविक म्हणता येईल, आणि त्याच्यासाठी तर्तुल्यनची प्राचीन साक्ष आहे. पण यरुशलेमच्या मंडळीशी इतका जुना संबंध असलेल्या माणसाने स्वतःला दुसऱ्या पिढीत का गणावे, हा प्रश्न उरतो. १९०० मध्ये जर्मन विद्वान आडोल्फ फॉन हार्नाक याने प्रिस्किल्लाचे नाव सुचवले: तिने आणि तिचा पती अक्विल्ला याने अपुल्लोला शिकवले होते, रोममध्ये त्यांच्या घरी मंडळी भरत असे, आणि लेखिका स्त्री असल्यामुळे नाव गाळले गेले असेल तर नाव नसण्याचेही कारण मिळते. अडचण अकराव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या वचनात आहे, जेथे लेखक स्वतःविषयी बोलताना पुल्लिंगी रूप वापरतो. नकलकारांनी ते बदलले असेल असे म्हणता येते, पण तसे दाखवणारी एकही प्रत नाही.

नाव बाजूला ठेवले तर लेखकाविषयी बरेच काही खात्रीने सांगता येते. तो उत्तम शिकलेला, ग्रीकभाषी, जुना करार ग्रीकमध्येच वाचणारा होता. त्याने आपल्या लेखनाला ‘बोधाचे वचन’ म्हटले आहे, आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ यात हाच शब्दप्रयोग सभास्थानातील प्रवचनासाठी येतो. म्हणजे हे मुळात प्रवचन असून शेवटी त्याला पत्राचे टोक जोडले आहे, हे बहुतेकांना पटलेले आहे. त्या टोकात आपला बंधू तीमथ्य सुटला आहे आणि तो लवकर आला तर त्याच्यासह मी तुम्हांला भेटेन, असे तो लिहितो, म्हणजे तो पौलाच्या सहकाऱ्यांना ओळखत होता. ‘इटलीचे लोक तुम्हांला सलाम सांगतात’ हे वाक्य इटलीतून लिहिले की इटलीकडे लिहिले हे व्याकरणाने ठरत नाही, पण रोममधील जुना वापर पाहता ते रोमच्या मंडळीसाठी असणे मला अधिक संभवनीय वाटते. वाचकांना तो व्यक्तिशः ओळखत होता: त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, काही तुरुंगात होते, काहींनी एकत्र जमणे सोडले होते. अशा थकलेल्या लोकांना आपण कोण हे सांगण्याची त्याला गरज नव्हती. त्यांना ते माहीतच होते.

काळाविषयी वाद आहे. यज्ञांचे वर्णन वर्तमानकाळात असल्याने यरुशलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त होण्यापूर्वी हे लिहिले असावे, असे काही म्हणतात. पण लेखक मंदिराविषयी नव्हे, मोशेच्या निवासमंडपाविषयी बोलतो, आणि इतिहासकार जोसेफस यानेही मंदिर पडल्यानंतर वीस वर्षांनी यज्ञांविषयी वर्तमानकाळातच लिहिले आहे. इ. स. ६० ते ९५ एवढीच मर्यादा सुरक्षितपणे घालता येते.

उद्या इजिप्तच्या वाळूत या पत्राची आणखी जुनी प्रत मिळाली आणि तिच्या माथ्यावर अपुल्लोचे किंवा बर्णबाचे नाव आढळले, तरी त्यावरून एवढेच कळेल की दुसऱ्या शतकातील एका नकलकाराचा तसा समज होता. त्या नावाची पारख पुन्हा याच तेरा अध्यायांवर करावी लागेल, आणि तेथे दुसऱ्या अध्यायाचे तिसरे वचन, ग्रीक शास्त्रपाठावर उभे असलेले युक्तिवाद आणि तीमथ्याच्या सुटकेची बातमी ही तीन ठिकाणे पहिल्यांदा तपासली जातील.